मेंढ्यांनी उठवलेलं गाव

यॉर्कशायरमधल्या वोल्ड्सच्या चुनखडी टेकड्यांत वॉरम पर्सी नावाचं गाव आहे. लोकसंख्या शून्य, तीही पाचशे वर्षांपासून. तरी मध्ययुगीन इंग्रज कुळवाड्यांची जेवढी खडान्‌खडा माहिती इथून मिळाली, तेवढी क्वचितच एखाद्या नांदत्या गावानं दिली असेल.

गाव ओस कशानं पडलं म्हटलं की बोट प्लेगकडे जातं. १३४९च्या साथीचा तडाखा बसला खरा, पण १३६८मध्येही तीसेक घरांत चूल पेटत होती. गाव गिळलं ते मेंढ्यांनी. लोकरीत पैसा दिसू लागला. नांगराला माणसं लागतात. कळपाला एक मेंढपाळ पुरतो. १५००च्या सुमारास जमीनदारानं उरलीसुरली चार घरंही उठवली.

१९४८ साली आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड इथले गवताळ उंचवटे पाहायला आले. १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात खोदकाम चाललं, पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्यासोबत. काही घरांची जमीन मधोमध खोलगट निघाली. रोजच्या झाडलोटीनं ती झिजली, असं खोदणाऱ्यांनी अनुमान काढलं. मध्ययुगातला शेतकरी म्हणजे घाणीत लोळणारा, हे सिनेमातलं चित्र त्यामुळे मला तरी पटेनासं झालं.

गाव उठलं तरी शेजारच्या वस्तीसाठी सेंट मार्टिन चर्च चालू राहिलं. आज त्याला छप्पर नाही, मनोऱ्याचाही काही भाग १९५९मध्ये ढासळला. या चर्चच्या आवारात ६८७ सांगाडे मिळाले. अशी शिरगणती कुठल्या सरकारनं केली असती! हाडांतल्या नायट्रोजनवरून कळलं, की मुलं साधारण दीड वर्षापर्यंत आईच्या दुधावर असत. दहा वर्षांचं पोर आजच्या पोरापेक्षा सुमारे वीस सेंटिमीटरनं बुटकं होतं. पोटाची आबाळ आणि आजारपण, दुसरं काय?

गावात इतरत्र मिळालेली काही हाडं मात्र वेगळीच. किमान दहा जणांची, मेल्यानंतर सुरीनं कापलेली, जाळलेली. मुडदे उठून गावात फिरतात या धास्तीनं केलेला हा बंदोबस्त असावा, असं २०१७मध्ये अभ्यासकांनी मांडलं. परक्यांवर हा राग निघाला असेल, ही शंका दातांतल्या स्ट्रॉन्शियमनं मोडीत काढली. ती माणसं याच पंचक्रोशीत वाढलेली होती.