रडीचा डाव आणि आळीपाळीचा पंच

तेलंगणातल्या दहा आमदारांच्या पक्षांतराचा निकाल तीन महिन्यांत लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जुलै 2025 रोजी तिथल्या विधानसभाध्यक्षांना बजावलं. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांच्याच हाती ठेवण्याने हेतू साधतोय का, हे संसदेने तपासावं, असंही त्यात म्हटलं. महाराष्ट्राला हे दुखणं नवं नाही. जून 2022 मधल्या शिवसेनेच्या फुटीवर अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. यावर आपलं ठरलेलं उत्तर असं की, अध्यक्ष पडले पक्षाचे, त्यांना पंच करू नका, त्रयस्थ आणा. पक्षांतरबंदी कायद्यावरच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या किहोतो होलोहान निकालात अल्पमतातल्या न्यायमूर्तींनीही हीच शंका काढली होती. शंका खरी आहे. पण पंच खेळाडूंपैकीच असला की डाव रडीचाच होतो, हे मात्र मला पटत नाही. त्याचं कारण एका खेळात सापडतं.

पीटर सुबर हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, कायद्याचीही पदवी घेतलेले. घटनेतलं दुरुस्तीचं कलम स्वतःलाच दुरुस्त करू शकतं का, हा त्यांचा ध्यास. त्यातून त्यांनी ‘नॉमिक’ रचला आणि डग्लस हॉफस्टॅडर यांनी तो जून 1982 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून लोकांपुढे आणला. यात चाल म्हणजे नियम बदलण्याचा प्रस्ताव. सुरुवातीला 29 नियम, त्यांतले 16 अढळ, 13 बदलते. आणि एकमत झालं तर अढळ नियमही खाली उतरवून बदलता येतो. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही, असं सांगणाऱ्या केशवानंद भारती निकालाच्या देशात हे वाचताना अंमळ दचकायला होतं. अशा खेळात भांडणं होणार हे सुबर यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि माझ्या मते त्यांची सगळी हुशारी भांडण मिटवणाऱ्या 212 व्या नियमात उतरली आहे.

समजा, पाच जण बसलेत. चौथी खेळाडू प्रस्ताव कागदावर लिहितेय. वाक्य अर्ध्यावर असतानाच पाचवा हात वर करून ‘मान्य’ म्हणतो. प्रस्ताव मतदानाआधी लिहिलेला असावा, असा नियम आहे. मग हे मत धरायचं का? पंच ठरतो तिसरा, म्हणजे जो नुकताच खेळून मोकळा झाला तो. त्याची पुढची पाळी सगळ्यांत लांब असते, म्हणून त्याचा तातडीचा स्वार्थ सगळ्यांत कमी. त्याने फक्त चाल अडवून धरलेला वादच सोडवायचा. लिहिणं म्हणजे काय यावर प्रवचन झोडायचं नाही. नियम मुका किंवा दुटप्पी असेल तर आधी खेळाची रूढी आणि वृत्ती पाहायची. पुढची चाल सुरू होण्याआधी बाकीच्या सगळ्यांनी एकमताने नाकारला तरच निवाडा फिरतो, नाहीतर डाव पुढे जातो. पुढच्या पंचावर मात्र तो बंधनकारक नसतो.

यात खोट आहेच. निवाडा चौथीच्या बाजूने लागला तर तो उलटवायला तिचंही मत लागणार, आणि ते ती देणार कशाला? म्हणजे पक्षपाती पंचाला जवळजवळ मोकळं रान. मात्र ते रान एका चालीपुरतं. पुढच्या चालीला पंच दुसरा, आणि काल ज्याच्यावर अन्याय झाला तोच कदाचित न्यायासनावर. विधानसभेत ही फिरती खुर्ची नाही आणि घड्याळही नाही. राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या परिशिष्टात निकालाची मुदतच लिहिलेली नाही. 1985 पासून हे भोक तसंच आहे. त्रयस्थ लवाद आणला तरी त्याला नेमणार कोण? खेळाडूच. आणि मुदत नसलेला त्रयस्थही याचिका फडताळात ठेवू शकतोच.

कोणी म्हणेल, खेळातून उठून जाता येतं, राज्यातून नाही, तुलनाच चुकीची. पटण्याजोगा आक्षेप आहे. तरीही ‘अगोरा’ नावाचा नॉमिक 30 जून 1993 पासून सुरू आहे. खेळाडू ईमेलवर खेळतात आणि निवाडे तेच एकमेकांचे करतात. तिथे सुबर यांच्या एका कल्पनेला मुरड पडली: नियम संदिग्ध असला की रूढी, व्यवहारज्ञान आणि खेळाचं हित यांच्या जोडीला जुने निवाडेही पाहतात. उठून जाण्याची मुभा असलेले लोक तीन दशकं परस्परांचे निर्णय मानत आले, हे फुकाफुकी होत नाही.

सुबर यांचा शेवटचा, 213 वा नियम सगळ्यांत बेरकी. खेळ पुढे सरकेनासा झाला, किंवा एखादी चाल वैध की अवैध हे कायमचं ठरेचना, तर ज्याला आपली चाल पुरी करता येत नाही असा पहिला खेळाडू जिंकतो. त्यामुळे काही जण मुद्दाम पेच घालायलाच बसतात. आपल्याकडे याचिका सभागृहाच्या मुदतीपर्यंत रेंगाळली की आमदारकी आपोआप तरते. डाव तोच. नॉमिकमध्ये तो निदान पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेला असतो.