धूर विरला, प्रश्नही विरला

लोकप्रतिनिधींवर बूट, शाई वा धूर सोडणाऱ्या प्रत्येकाकडे एक समर्थन तयार असते : आमचे कोणी ऐकतच नव्हते. ही तक्रार अनेकदा खरी असते. मात्र तक्रार खरी म्हणून कृती समर्थनीय ठरत नाही. तिच्यातून काय साधले, हेही पाहावे लागते.

१३ डिसेंबर २०२३ रोजी, संसदेवरील २००१ च्या हल्ल्याच्या स्मृतिदिनीच, दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उड्या टाकून पिवळा धूर सोडला. बेरोजगारी आणि मणिपूर ही कारणे पुढे करण्यात आली. प्रत्यक्षात चर्चा झाली ती सुरक्षेची. गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणारे विरोधी सदस्य निलंबित होत गेले. दोन्ही सभागृहांतील आकडा १४६ वर पोहोचला. विरोधी बाके बहुतांशी रिकामी असताना तीन फौजदारी कायद्यांची विधेयके संमत झाली. प्रेक्षकांचे पासही थांबले. बेरोजगारांच्या पदरात मात्र काहीच पडले नाही.

अशा वेळी हमखास दाखला दिला जातो तो भगतसिंगांचा. परंतु ८ एप्रिल १९२९ रोजी त्यांनी ज्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकला, तेथील विदेशी सत्तेला मतपेटीतून हटविण्याची सोयच जनतेला नव्हती. आज ती आहे. हा फरक वगळला, की दाखल्यात उरते ती केवळ नक्कल.

२००९ चे उदाहरण अधिक अवघड आहे. ७ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांच्या दिशेने एका शीख पत्रकाराने बूट भिरकावला आणि दोनच दिवसांत काँग्रेसने जगदीश टायटलर व सज्जनकुमार यांची उमेदवारी मागे घेतली. बूट 'यशस्वी' ठरला, असे म्हणता येईल. पण त्यामागे शीख समाजाचा पंचवीस वर्षांचा संताप आणि तोंडावर आलेली निवडणूक होती. सज्जनकुमार यांना शिक्षा झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, साक्षीदारांच्या चिकाटीमुळे, उच्च न्यायालयात. बूट फेकणारा पत्रकारही पुढे २०१५ मध्ये मते मागूनच दिल्ली विधानसभेत पोहोचला.

शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमांवर वर्षभर ठिय्या दिला आणि २०२१ मध्ये कृषी कायदे मागे घ्यायला लावले. त्याच आंदोलनाला सर्वांत मोठा धक्का बसला, तो २६ जानेवारीच्या लाल किल्ल्यावरील प्रकाराने.

सभागृहे कान बंद करतात, तेव्हा अशा प्रकारांना निमित्त मिळते. हा दोष सत्ताधाऱ्यांचाच. पण बंद कान धुराने उघडत नाहीत. उलट, दार अधिक घट्ट लावण्यास सबब मिळते.