बंब आला, पण हुकूम कोणाचा?

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी आग लागली म्हणजे जे दृश्य दिसते, ते विदर्भातील वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. नगरपरिषदेचा बंब घंटा वाजवीत येतो. पण त्याच्या आधीच अर्धे गाव तेथे येऊन पोचलेले असते. नळी धरणारे हात चार आणि सल्ला देणारी तोंडे चारशे! ज्याचा माल जळत असतो तो म्हणतो, आधी माझे गोदाम वाचवा. शेजारी म्हणतो, आधी माझी भिंत भिजवा. एखादे वजनदार गृहस्थ आपल्या पदाच्या जोरावर पाण्याचा रोख बदलावयास लावतात, आणि उत्साही तरुण तर फायरमनच्या हातची नळीच काढून घेतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतू चांगला असला म्हणून आग विझत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. बंबाची टाकी साडेचार हजार लिटरांची धरली आणि एका नळीतून मिनिटास साडेचारशे लिटर पाणी सुटते असे मानले, तर ती टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. दुसरी नळी जोडली तर पाच मिनिटांत. शहरातल्यासारखे रस्तोरस्ती पाण्याचे खांब आपल्याकडे नसतात. पुसदचा किंवा दारव्ह्याचा बंब मदतीस बोलवावा तर तो तीसएक किलोमीटरांवरून यावयाचा. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांचे पाणी कोठे घालावयाचे, या एका निर्णयावर पुढचे सारे अवलंबून असते. तो निर्णय घेणारा माणूस बंबाबरोबर येतो काय? येत असेल तर तो निर्णय घेण्याचे शिक्षण त्यास कोणी दिले आहे काय? बंब विकत घेणे सोपे असते. त्याला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, छायाचित्र काढता येते. प्रशिक्षणाचे छायाचित्र काढण्यासारखे काही नसते. आपल्या नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत यंत्राला जेवढा मान मिळतो तेवढा माणसाला मिळत नाही, त्याचे एक कारण हेही असावे.

दिग्रस हा कापसाचा मुलूख आहे, आणि कापसाची आग ही इतर आगींसारखी नसते. जिनात कापसाबरोबर एखादा खिळा वा खडा आला, तो फिरत्या यंत्रावर घासला आणि ठिणगी पडली, की सुट्या रुईच्या पृष्ठभागावरून ज्वाळा क्षणार्धात पळत सुटते. ही वरची आग पाहून लोक घाबरतात. पण खरी कठीण आग ती नव्हेच. खरी आग आत शिरते. रुईची दाबून बांधलेली गाठ सुमारे 170 किलोंची असते, आणि तिच्या तंतूंच्या पोकळीत दडलेल्या हवेवर निखारा धुमसत राहतो. वरून पाणी मारले तर ते गाठीच्या अंगावरून ओघळून जाते. बाहेरून गाठ विझलेली दिसते, बंब परत जातो, मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि काही तासांनी, कधी तर दुसऱ्या दिवशी, तीच गाठ पुन्हा पेट घेते. म्हणून जाणता अधिकारी केवळ पाणी मारून थांबत नाही. तो पेटलेल्या गाठी ओढून वेगळ्या काढवतो, त्या मोकळ्या मैदानात फोडवतो, आतपर्यंत भिजवतो आणि तेथे रात्रभर पहारा ठेवतो. त्याहून अवघड काम म्हणजे जी थप्पी हातची गेली तिच्यावर पाणी सोडून दिले पाहिजे आणि उरलेले सारे पाणी न पेटलेल्या थप्पीच्या रक्षणास लावले पाहिजे, हे ठरविणे. मालक समोर हात जोडून उभा असताना त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा अर्धा माल जळू द्यावयाचा, हे धैर्य अंगच्या बळातून येत नाही. ते शिकवावे लागते, आणि ज्याने ते शिकले त्याच्या पाठीशी नगरपरिषदेने उभे राहावे लागते.

योगायोग असा, की या देशात अग्निशमन दलांचा जो स्मृतिदिन पाळला जातो त्याच्याही मुळाशी कापसाच्याच गाठी आहेत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजावर कराचीस कापसाच्या हजारो गाठी चढविल्या होत्या. दुपारी गाठींतून धूर येऊ लागला. दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. 900 टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले तरी ती विझेना. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीचा परिसर बेचिराख झाला, आणि मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान एका दुपारी कामी आले.

ही हकीगत दरवर्षी भाषणांत सांगितली जाते आणि शौर्याच्या गौरवावर येऊन थांबते. गौरव योग्यच आहे. परंतु त्या दुपारची एक गोष्ट सांगितली जात नाही, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत हाताशी दोन तासांचा अवधी होता. जहाज गोदीबाहेर ओढून न्यावे, की तेथेच बुडवावे, की पाणी मारीत राहावे, असे निरनिराळे मार्ग सुचविले जात होते. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा स्फोटकतज्ञ, बंबांचा प्रमुख, सारे तेथे हजर होते आणि प्रत्येकाला आपापला अधिकार होता. नव्हता तो सर्वांवर चालणारा एक अधिकार. ज्याचा शब्द अखेरचा मानावा असा माणूस तेथे कोणी नेमलेलाच नव्हता. म्हणून निर्णय झाला नाही, आणि नळ्या धरून उभे राहिलेले जवान शेवटपर्यंत आपल्या जागी उभे राहिले. दिग्रसच्या बाजारातील गर्दीत आणि मुंबईच्या त्या गोदीत प्रमाणाचा फरक आहे, जातीचा नाही.

अग्निशमनाचे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे आणि त्याचे राष्ट्रीय विद्यापीठ म्हणावे अशी संस्था खुद्द विदर्भात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 साली रामपूर येथे स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी नागपुरास आले. साऱ्या देशातून अधिकारी तेथे शिकण्यास येतात. दिग्रसहून नागपूर दोनशे किलोमीटरांच्या आसपास. मुंबईत राज्य शासनाची अग्निशमन अकादमीही आहे. असे असूनही लहान गावांत बंबावरचा माणूस कालपर्यंत पाणीपुरवठ्यात वा आरोग्य विभागात होता, किंवा कंत्राटदाराने पुरविलेला आहे, असे चित्र दुर्मिळ नाही. 2023 साली नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गांसाठी जी भरती निघाली तीत अग्निशमन अधिकाऱ्यांची पदे होती, हे स्वागतार्हच. पण अधिकारी नेमला म्हणजे दल तयार झाले, असे नव्हे.

दल कशाने तयार होते? रोजच्या कवायतीने. कवायत या शब्दाला आपल्याकडे शाळेतल्या कंटाळ्याचा वास येतो. परंतु अंधारात, धुरात, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात नळीचे तोंड नळीला जोडणारी बोटे विचार करून काम करीत नसतात. ती सवयीने काम करतात. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढते. म्हणून बंद खोलीत अविचाराने पाण्याचा मारा केला तर ती वाफ आत शिरलेल्या जवानालाच भाजून काढते. खोलीच्या छताशी साचलेला तप्त वायू पाचसहाशे अंशांपर्यंत गेला की खोलीतील सारे सामान एकदम पेटते; त्याआधी काही क्षण धूर विशिष्ट तऱ्हेने वागू लागतो, आणि ते ओळखणे हे पुस्तकातून साधत नाही. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून आत जाणाऱ्याचे नाव आणि आत गेल्याची वेळ बाहेर फळीवर लिहून ठेवणारा एक माणूस असावा लागतो. त्याच्या हाती नळी नसते, लोकांना तो रिकामा उभा राहिलेला दिसतो आणि त्याच्यावर ओरडतात. वास्तविक आत गेलेल्यांचा जीव त्या फळीवर असतो.

आणि सर्वांत आधी, गाडीवरून उतरताच, म्होरक्याने जळत्या वास्तूला एक फेरी घालावयाची असते. मागच्या बाजूस काय आहे, वीज तोडली की नाही, आत माणूस आहे की नाही, गॅसची सिलिंडरे कोठे आहेत, वारा कोणीकडचा आहे, हे पाहण्यात गेलेला एक मिनिट वाया गेलेला नसतो. जमलेल्या लोकांना मात्र तो मिनिट सहन होत नाही.

याचा अर्थ शिक्षणाने सारे धोके टळतात असा कोणी करू नये. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीस आग लागून ती कोसळली. तीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. दोघे त्याच दिवशी, आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर व त्यांचे सहकारी सुधीर अमीन नंतरच्या दिवसांत, उपचार चालू असता. देशातील उत्तमांपैकी एका दलाचे हे अनुभवी लोक होते. अनुभवी माणसांनाही जेथे एवढी किंमत द्यावी लागते, तेथे अननुभवी माणसाला हाती नळी देऊन पुढे पाठविणे याला काय म्हणावे?

आता वाचकांकडे वळतो, कारण हा विषय केवळ बंबवाल्यांचा नाही. 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. 17 बालकांपैकी सात वाचली, दहा गेली. 2004 साली तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत 94 मुले जळून मेली. अशा ठिकाणी पहिली काही मिनिटे बंबाची नसतातच. ती परिचारिकेची, शिक्षकाची, कारकुनाची असतात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांविषयीचा 2006 चा कायदा असे सांगतो, की तो ज्यांस लागू आहे अशा इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत, आपली अग्निशमन साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे. आपल्या शाळेने, आपल्या कचेरीने ते केव्हा सादर केले, हे किती शिक्षकांनी विचारले असेल? भिंतीवरचे लाल नळकांडे काढून ते वापरून पाहिलेला कारकून मला तरी क्वचितच भेटला आहे.

जर्मनीत लहान गावांचे बंब बहुतांशी स्वयंसेवकच चालवितात. त्या देशात अशा स्वयंसेवकांची संख्या सुमारे दहा लाख आहे. दिवसा सुतारकाम वा शिक्षकी करणारी ही माणसे ठरल्या संध्याकाळी कवायतीस येतात. आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही, आणि पगारी दलाची जबाबदारी टाळण्यासाठी नगरपरिषदांनी स्वयंसेवकांची सबब पुढे करावी असेही मी सुचवीत नाही. परंतु गृहरक्षक दल आपल्याकडे 1946 पासून आहे, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, जिनांत कापूस हाताळणारे कामगार आहेत. गर्दी मागे हटविणे, रस्ता मोकळा ठेवणे, गाठी ओढून फोडणे, भरावयाच्या ठिकाणी बंबाची वाट पाहत उभे राहणे, एवढे जरी पन्नास जण शिकले तरी बंबावरच्या चार माणसांचे हात मोकळे राहतील.

अग्निशमन सप्ताह 14 ते 20 एप्रिल या दिवसांत येतो. यवतमाळ जिल्ह्यात ते दिवस उन्हाच्या तडाख्याचे. शेतांत पऱ्हाटी वाळलेली, गोठ्याशेजारी कडब्याच्या गंज्या रचलेल्या, आणि विहिरी खोल गेलेल्या. फलक आणि भाषणे यांऐवजी त्या सप्ताहात दिग्रसच्या दलाने एखाद्या जिनाच्या आवारात, मालकाच्या संमतीने आणि घड्याळ लावून, एक खोटी आग विझवावी. सूचना मिळाल्यापासून नळीतून पाणी सुटेपर्यंत किती मिनिटे गेली, दुसऱ्या खेपेचे पाणी कोठून आले आणि त्यास किती वेळ लागला, हुकूम एकाच्याच तोंडून सुटला की चौघांच्या, हे लिहून ते नगरपरिषदेच्या सभेपुढे ठेवावे. उन्हाळ्यात कोणत्या विहिरीवर, कोणत्या टाकीवर बंब भरता येतो त्याची यादीही त्याच वेळी होईल. ती केंद्राच्या भिंतीवर रंगाने लिहून काढण्यास फारसा खर्च नाही.