पट्टा आणि पुली

केडगावापासून उत्तरेस प्रवरानगरपर्यंत पसरलेल्या आपल्या साखर कारखान्यांत पोती गोदामाकडे वाहणारा रबरी पट्टा दिसावयास निरुपद्रवी खरा. परंतु तो पुलीवर चढतो त्या सांध्यात हात सापडला, की सोडविण्यास अवसर मिळत नाही, म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांस भक्कम कुंपण घालणे बंधनकारक केले होते. जोडणीच्या वेळी रोलर पट्ट्याशी काटकोनात बसले नाहीत, तर पट्टा एका अंगास सरकतो. आणि चालत्या पट्ट्यास काठीने सरळ करण्याचा मोह, अनुभवी कामगारांसही होणारा, हाच माझ्या मते सर्वांत घातक. त्याऐवजी आधी वीजप्रवाह तोडून स्विचला कुलूप घालावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्यानेच जवळ बाळगावी, मुकादमानेसुद्धा ती मागू नये.