सोडवलेल्या माणसाचं करायचं काय?

आजच्या झांबियात चितांबो नावाच्या एका प्रमुखाचं गाव होतं. १८७३च्या मे महिन्यात तिथल्या एका प्रचंड झाडाच्या खोडावर एका आफ्रिकी तरुणानं इंग्रजी अक्षरं कोरली. तिथंच वारलेल्या प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख, सोबत्यांची नावं. त्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं होतं, आणि पुरताना प्रार्थना वाचली तीही याच तरुणानं. त्याचं नाव जेकब वेनराइट. सगळ्यात जवळची शाळा शेकडो मैलांवर असलेल्या त्या मुलखात हा मुलगा असं लिहायला-वाचायला शिकला कुठं?

नाशकात.

महापालिकेच्या राजीव गांधी भवनावरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककराला शरणपूर रस्ता म्हणजे सिग्नल, बँका आणि दवाखाने. पण १८५४ साली ही जागा गावाबाहेर होती. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली आणि पुढं त्याच वस्तीत आफ्रिकी मुलांसाठी एक आश्रम चालू झाला. तेव्हाच्या कागदपत्रांत त्याचं नाव ‘आफ्रिकन असायलम’. हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं गोदावरीच्या काठावर आणून वाढवली जात होती. पूर्व आफ्रिकेत त्यांना पुढं ‘नासिकर’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांत नाशिकचं नाव येतं ते या मुलांमुळं.

ही मुलं इथवर आली कशी, हे समजायला आधी समुद्रावर जावं लागतं. न्यासा सरोवराच्या आसपासची गावं लुटून पकडलेली माणसं किनाऱ्यावर आणली जात, झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर गलबतांतून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडं जात. इंग्रजांनी झांझिबार-मस्कतच्या सुलतानाशी १८२२ आणि १८४५ साली करार करून या व्यापाराला टप्प्याटप्प्यानं कुंपण घातलं. पण कुंपण मोठं चमत्कारिक होतं. सुलतानाच्या आफ्रिकी मुलखात गुलाम इकडून तिकडं नेणं कायदेशीर, तो मुलूख ओलांडून उत्तरेला नेणं बेकायदा. म्हणजे गलबत तेच, त्यातलं पोर तेच. एका रेषेच्या अलीकडं ते मालकाचा माल आणि पलीकडं सुटकेला पात्र असलेला माणूस. त्या रेषेपलीकडं ब्रिटिश युद्धनौका टपून असत. गलबत पकडलं की बहुधा जाळून टाकत, आणि सोडवलेल्या माणसांच्या हिशेबानं नौकेवरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना सरकारी बक्षीस मिळे.

इथवरची गोष्ट सोपी आहे. खरा पेच यानंतर सुरू होतो. डेकवर शंभर माणसं बसली आहेत. उपाशी, आजारी, त्यांतली बरीच लहान मुलं. आता यांचं करायचं काय? किनाऱ्यावर उतरवावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडून विकली जाणार. गावी पाठवावं, तर गाव शेकडो मैल आत, आणि बहुतेकदा जळलेलं. एडनला न्यावं, तर तिथं प्यायच्या पाण्याचीच मारामार. सेशेल्स आणि मॉरिशसच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून हजारो जण तिकडं गेले. एकट्या सेशेल्सला दोन हजारांहून जास्त. आणि काही मुंबईला आले.

मुंबईत एक सोय होती. १८४३च्या कायद्यानं कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधारच उरला नव्हता. बंदरात पाऊल टाकलं की माणूस मोकळा. पण रात्री झोपायचं कुठं, हे त्या कायद्यात नव्हतं. सरकारनं ही माणसं पोलीस कमिशनरच्या हवाली केली. कमिशनरसाहेब काहींना घरकामाला लावत, काहींना मिशनच्या ताब्यात देत. आज एखाद्या देशात आश्रितांचे तांडे आले की जे वाद पेटतात, ते सगळे तेव्हाच्या पत्रव्यवहारात आहेत. खर्च कुणी करायचा? आमच्याच बंदरात का? यांना काम कोण देणार? मुली कुठं ठेवायच्या? मुंबई सरकारला खर्च आटोक्यात हवा होता, मळेवाल्यांना हात हवे होते, मिशनला धर्मांतरं हवी होती. पोरांना काय हवं, हे विचारल्याची नोंद शोधून सापडणं कठीण.

नाशकातल्या आश्रयाला किंमत होती. काही मुलं याव जमातीची होती, काही इतर अनेक जमातींची, एकमेकांची बोली त्यांना कळत असेलच असं नाही. इथं त्यांना नवा धर्म मिळाला आणि नवी नावं मिळाली. चेंगविंबे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कुणाला फरार, कुणाला आयझेनबर्ग अशी मिशनऱ्यांचीच आडनावं चिकटली. त्याबरोबर इंग्रजी आलं, सुतारकाम आणि लोहारकाम आलं. घेतलं काय आणि दिलं काय याचा ताळा मांडायला बसलं, तर आजही दोन माणसांचं एकमत होणार नाही.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशकात आला. नाईल नदीचा उगम शोधायला निघालेल्या या प्रवाशाला माणसं हवी होती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर त्याच्या पाठीशी होते. शरणपुरातले नऊ जण तयार झाले. जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून निघालेला तो काफिला नंतर पूर्ण झाला तेव्हा त्यात १३ शिपाई, कोमोरो बेटांवरचे १० जण, नाशिकचे ९ आणि आणखी चौघं होते. शिवाय उंट, खेचरं, गाढवं आणि चक्क म्हशी. त्सेत्से माशीपुढं ही जनावरं टिकतात का, हे लिव्हिंग्स्टनला पाहायचं होतं. टिकली नाहीत.

या प्रवासातला एक प्रसंग आश्रय आणि परतपाठवणी यांवरच्या कुठल्याही परिसंवादात वाचून दाखवावा असा आहे. याव मुलखात शिरल्यावर अब्राहम नावाच्या नाशिकच्या तरुणाला गर्दीत त्याचा सख्खा मामा की काका भेटला. त्याच्याकडून कळलं, की अब्राहमला पकडून नेल्यावर त्याची आई आणि बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. नातलगानं आग्रह केला, राहा इथंच. लिव्हिंग्स्टननंही तेच सुचवलं. अब्राहम राहिला नाही. ‘मायदेशी परत पाठवा’ हे तीन शब्द कागदावर किती सोपे दिसतात! इथं मायदेश होता, नातलग होता, बोलावणंही होतं. ज्यांच्यासाठी परतायचं, ती माणसं तेवढी नव्हती.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. आळशी, कामचुकार वगैरे. करवत आणि घण चालवायला शिकलेल्या तरुणांना जंगलात ओझी वाहायला लावल्यावर याहून वेगळं काय व्हायचं? तरीही लिव्हिंग्स्टनला आफ्रिकेत शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅन्लीनं १८७२ मध्ये त्याच्या मदतीला माणसं पाठवली, तेव्हा त्यांत आणखी सहा जण नाशिकचे होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलेच. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी ठरवलं, देह त्याच्या देशात पोचवायचा. हृदय तिथं पुरलं, देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि सुमारे दीड हजार किलोमीटर चालत फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. शवपेटीभोवतीच्या आठ मानकऱ्यांत एकच आफ्रिकी होता: शरणपूरचा जेकब.

आणि गंमत पाहा. ज्या लंडननं त्याला हा मान दिला, त्याच लंडनमधून पुढच्याच वर्षी एक फर्मान निघालं. ३१ जुलै १८७५ रोजी नौदलाच्या खात्यानं कप्तानांना कळवलं: दुसऱ्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात एखादा गुलाम पोहत येऊन आपल्या जहाजावर चढला, तर त्याला ठेवून घेऊ नका. भर समुद्रात आला तर ठेवा, पण जहाज पुन्हा त्या देशाच्या पाण्यात शिरलं की तो परत मागितला जाऊ शकतो. सरकारची अडचण खोटी नव्हती. मित्रराज्यांशी करार होते, आणि तिथल्या कायद्यात गुलाम ही मालमत्ता होती. पण लोक खवळले. सभा झाल्या, वर्तमानपत्रं पेटली, पंतप्रधान डिझरायलींच्या सरकारनं हुकूम मागं घेतला, दुसरा काढला, त्यावरही गदारोळ झाला, आणि अखेर १८७६ मध्ये रॉयल कमिशन बसवावं लागलं. जीव मुठीत धरून आलेल्याला तो जिथून पळाला तिथंच लोटायचं की नाही, हा प्रश्न तेव्हा लाकडी डेकवर उभा होता. १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराच्या ३३व्या कलमात त्याचं उत्तर आहे: लोटायचं नाही.

मधल्या काळात नाशिकचा आश्रम बंद होत आला होता. ५ जून १८७३ रोजी झांझिबारच्या सुलतानानं गुलामांचा बाजार बंद करायचं मान्य केलं. त्या वाटाघाटींना गेलेल्या फ्रिअरनी सुचवलं, की सोडवलेल्यांची वस्ती आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच हवी. १८७४ मध्ये प्राइस स्वतः मोंबासाला गेले, आणि खाडीपलीकडं फ्रिअर टाउन उभं राहिलं. पायाची माणसं गेली ती नाशिक-मुंबईची: सुतार, लोहार, शिक्षक, त्यांच्या बायका. गुलाम पकडणारे दिसले की तिथं धोक्याची घंटा वाजवत. ती घंटा आजही मोंबासात उभी आहे.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट घडली ती मोंबासाजवळच्या डोंगरावर, राबईला. नाशकात वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ पासूनच तिथं मिशनचं काम करत होते. पुढं किनाऱ्यावरच्या मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबईच्या आसऱ्याला येऊ लागले. यांना सोडवणारी युद्धनौका नव्हती. ते आपल्या पायांनी आले होते. मालक हत्यारं घेऊन धमकावत होते, झांझिबारमधला ब्रिटिश कॉन्सल मिशनला बजावत होता की पळपुट्यांना थारा देऊ नका, आणि वरिष्ठ गोरे मिशनरी कात्रीत सापडले होते. थारा मिळतच राहिला. ज्यांना एके काळी ‘यांचं करायचं काय’ म्हणून पोलीस कमिशनरकडं सोपवलं होतं, ते आता दार उघडायच्या बाजूला उभे होते.

१८८८ मध्ये या किनाऱ्याचा कारभार हाती घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी मोंबासाला आला, तेव्हा मिशनच्या वस्त्यांत शेकडो पळालेले गुलाम राहत होते. जबरदस्तीनं परत पाठवावं तर रक्तपात, ठेवावं तर मालकांचं बंड. त्यानं पैशानं तोड काढली. मालकांना भरपाई दिली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबईला मुक्ततेचे दाखले वाटले. एकूण चौदाशेंहून अधिक माणसं मोकळी झाली. भरपाई मालकांना मिळाली, राबलेल्यांना नाही, हे न्यायाच्या तराजूत बसत नाही. पण वर्षानुवर्षं ठाम राहिलेल्या वस्तीपुढं सरकारी धोरणाला वळावं लागलं, हेही खरं.

आसऱ्याला आलेल्यांबाबतचं आपल्या देशाचं धोरण अजूनही प्रसंगानुसार ठरतं. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्यांसाठी देवळालीत छावणी होती. १९५९ मध्ये तिबेटी आले, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली, १९८३ नंतर श्रीलंकेतले तमिळ. प्रत्येक वेळी वेगळा निर्णय झाला. १९५१च्या करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यानं १९४६चा जुना कायदा बाजूला सारला, पण निर्वासित कोण, याची व्याख्या त्यातही नाही. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीवर रस्त्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला, तो याच मोकळ्या जागेत.

या वादात दोन्ही बाजू आकडे मांडतात: अन्नाचा खर्च, जागा, नोकऱ्या. तो हिशेब करायलाच हवा. मुंबई सरकारनंही केला होता. त्यात एक चूक होती. खर्च मोजला तो पहिल्या वर्षाचा. सांभाळलेलं पोर मोठं होऊन काय करील, याला वहीत रकानाच नव्हता. शरणपुरात झालेल्या खर्चाची जमा राबईत दिसली, पंचवीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, चौदाशे माणसांच्या हातातल्या दाखल्यांवर.