‘सकाळी एक, संध्याकाळी एक’

औषधाची पट्टी हातात देताना सरकारी दवाखान्यात हे वाक्य दिवसातून शंभरदा उच्चारले जाते. कमी ऐकू येणाऱ्या सत्तरीतल्या माणसापर्यंत त्यातले ‘...काळी एक, ...काळी एक’ एवढेच पोचते. दोन्ही शब्द ‘स’ने सुरू होतात आणि ‘काळी’ने संपतात. मधला फरक पंख्याच्या घरघरीत विरून जातो. आजोबा ‘हो, हो’ म्हणून मान हलवतात आणि घरी गेल्यावर मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या न्याहारीच्या वेळीच घेतात. दुपारी साखर उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. मग घरचे सांगतात, ‘म्हातारं ऐकतच नाही हो!’ ‘ऐकत नाही’चे मराठीत दोन अर्थ होतात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीचा धरला जातो.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख, आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. कमावती मुले पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला गेलेली, घरी आई-वडील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतके कमी ऐकू येते. म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात वृद्धांच्या खाटांजवळून जाणाऱ्या सिस्टरने दर चार खाटांमागे एक असा रुग्ण गृहीत धरायला हरकत नाही. त्यात इथला हळदीचा हंगाम. शिजवलेली, वाळवलेली हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचा खडखडाट, मळणीयंत्र, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर. या आवाजांत वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्याच्या कानात बोळा सहसा दिसत नाही, आणि वयाने होणाऱ्या झिजेत हा मारही मिळतो.

झीज नेमकी कुठे होते? कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. एकदा मेल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. स, श, ख, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच पट्टीवर अवलंबून असते. स्वर मात्र खालच्या पट्टीचे, ते बराच काळ शाबूत राहतात. म्हणून वृद्ध माणसे म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द समजत नाही.’ साठ, सात आणि आठ एकसारखे वाटू लागतात. नरसी नामदेवला कीर्तनाला बसलेल्या आजीला टाळ-मृदंग स्पष्ट ऐकू येतो आणि बुवांचे निरूपण कळत नाही. मग आजी ढोंग करते असा शेजारणीला संशय येतो.

ओरडून बोलल्याने काम भागत नाही, ते याच कारणाने. ओरडताना वाढतो तो मुख्यतः स्वरांचा जोर. शिवाय झिजलेल्या कानाची एक गंमत आहे: हळू आवाज त्याला ऐकूच येत नाही, पण थोडा मोठा झाला की तोच आवाज टोचू लागतो. आजी ‘काय?’ म्हणते, सिस्टर आवाज चढवते, आजी लगेच ‘ओरडू नको गं माय’ म्हणते. दोघींचेही बरोबर असते. यातली दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘लघवी कपड्यातच होते का?’ हा प्रश्न तीस खाटांच्या वॉर्डात ओरडून विचारला, की पासष्टीची बाई ‘नाही’च म्हणणार. उत्तर खोटे, त्यावर ठरलेला उपचारही चुकीचा.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात ‘व्यक्तिकेंद्री शुश्रूषा’ हा शब्द असतो. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल लिहिताना तो विशेष रुजवला. साध्या भाषेत सांगायचे तर ‘सात नंबरची खाट’ न म्हणता त्या खाटेवर कोण आहे, त्याला काय जमते, काय रुचते, हे आधी पाहणे. बहिऱ्या होत चाललेल्या माणसाच्या बाबतीत याची सुरुवात एका प्रश्नाने होते: ‘कोणत्या कानाने चांगलं ऐकू येतं?’ उत्तर केसपेपरवर आणि पाळी बदलताना दिल्या जाणाऱ्या माहितीत गेले, तर रात्रपाळीची सिस्टर आपसूक योग्य बाजूला उभी राहते. बोलण्याआधी समोर यायचे, खांद्याला हलकेच हात लावायचा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहायचे. ओठ पाहून बरेचसे कळते. पण प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे ओठांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. संसर्गाची भीती नसेल तिथे मास्क क्षणभर खाली घेतल्याने जे साधते ते चार वेळा सांगून साधत नाही.

न समजलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलावा. ‘संध्याकाळी’ कळले नाही तर ‘दिवे लागल्यावर, भाकरी खाऊन’. पाटीवर लिहून दाखवण्याचा सल्ला पुस्तकात असतो, पण इथल्या पिढीतल्या कितीतरी आज्यांना अक्षरओळख नाही. त्यांच्यासाठी गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढलेला बरा. कळमनुरी-औंढ्याकडच्या तांड्यावरून आलेल्या रुग्णाची घरची बोली गोरमाटी, काही घरांत दखनी. कमी ऐकू येताना माणूस अर्धे वाक्य अंदाजाने पुरे करतो, आणि परक्या भाषेत तो अंदाज चुकतो. त्या बोलीतले दोन-चार शब्द जाणणारी आशाताई किंवा मावशी हाताशी असेल, तर ती औषधाइतकीच उपयोगी. शेवटी ‘समजलं का?’ असे विचारू नये. त्याला उत्तर ‘हो’च येते. ‘आता घरी सुनेला काय सांगाल?’ असे विचारावे आणि ऐकावे.

एक जुनी युक्तीही सांगण्यासारखी आहे. स्टेथोस्कोपच्या नळ्या स्पिरिटने पुसून रुग्णाच्या कानात घालायच्या आणि छातीवर ठेवायच्या चकतीत हळू बोलायचे. बिनखर्चाचे श्रवणयंत्र तयार होते, आणि खाजगी प्रश्न खाजगी राहतो.

हे सगळे ‘वेळ असेल तर’ करायचे लाड आहेत का? एकेका सिस्टरवर किती खाटांचा भार असतो हे पाहिल्यावर हा प्रश्न रास्तच वाटतो. त्याचे उत्तर १९९९ मध्ये शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील येल-न्यू हेवन रुग्णालयातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते. वृद्ध माणूस दवाखान्यात आल्यावर अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागतो, सलाईन उपसतो, रात्री पलंगावरून उतरू पाहतो. सत्तरीवरच्या ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात काहींची झोप, हालचाल, पाणी, नजर आणि ऐकणे यांकडे ठरवून लक्ष दिले गेले. कानातला मळ काढणे आणि आवाज वाढवणारे साधे उपकरण देणे हा त्याचाच भाग होता. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. श्रेय एकट्या कानाचे नाही, पण भ्रमिष्ट झालेला एक रुग्ण रात्रपाळीचा किती वेळ खातो, हे कोणत्याही सिस्टरला विचारावे.

मळाचे तर विशेष सांगायला हवे. वयाबरोबर तो कोरडा होतो, घट्ट बसतो, आणि बऱ्याच ‘बहिऱ्या’ आजोबांचे निम्मे बहिरेपण तेवढेच असते. थेंब घालून मऊ केल्यावर कान-नाक-घसा विभागात तो सहज निघतो. केसाची पिन, काडेपेटीची काडी आणि गरम तेल यांनी मात्र पडदा फाटण्याचे किंवा कान भाजण्याचे प्रकार घडतात. दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधे जीव वाचवतात, पण काहींच्या केशपेशी कायमच्या मारतात; मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. ‘कानात शिट्टी वाजते’, ‘तोल जातो’ ही तक्रार सर्वांत आधी सिस्टरच्याच कानावर येते. ती त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे.

यंत्राचा खर्च हा पुढचा अडसर. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यात मिळतात. श्रवणयंत्र त्या यादीत आहे. चांगले डिजिटल यंत्र एवढ्यात बसत नाही, हेही खरे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी लागते, त्यामुळे मधल्या पायरीवरचे पुष्कळ वृद्ध बाहेरच राहतात.

आणि मिळालेले यंत्रही अनेकदा ट्रंकेत जाते. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा कर्कश वाटतो. रोज थोडा वेळ लावत मेंदूला सवय करावी लागते, हे कुणी सांगितलेले नसते. पावसाळ्यात ओल शिरते, मळाने नळी बुजते, छोट्या बॅटऱ्या गावात मिळत नाहीत. दवाखान्यात भरती करताना नातेवाईक ते ‘हरवेल’ म्हणून घरीच ठेवून येतात, नेमके ज्या ठिकाणी त्याची सर्वाधिक गरज असते तिथे. पिशवीत चष्मा, कवळी, जुने कागद असतात. यंत्र आणि बॅटऱ्यांचा एक जादा पत्ताही त्यातच टाकावा, आणि नाव लिहिलेली झाकणाची डबी, रात्री काढून ठेवायला.