नायगाऱ्यापुढचा माणूस

हिंगोलीच्या आमच्या घरात, देवघरासमोरच्या भिंतीवर वडिलांचा एक फोटो आहे. सहस्रकुंडाचा. कळमनुरीच्या अंगाने वाहणारी आमची पैनगंगा पुढे नांदेड-यवतमाळच्या सीमेवर काळ्या खडकांवरून कोसळते, तो हा धबधबा. फोटोत मात्र धबधबा असा दिसतच नाही. कुणी पांढरे धोतर वाळत घातले आहे असे वाटते! त्याच्यापुढे वडील, बगलेत छत्री, श्वास रोखून उभे. त्यांच्या त्या अवघडलेपणाला आम्ही भावंडे पुष्कळ हसलो आहोत.

परवा प्रवासवर्णन शिकवताना वर्गात नायगाऱ्याच्या, आज माहीत असलेल्या पहिल्या छायाचित्राची प्रत दाखवली. ते टिपले एप्रिल १८४० मध्ये, ह्यू ली पॅटिन्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने. (त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ निघाले, हे मराठीच्या मास्तराला सांगितल्यावाचून राहवत नाही.) शिशातून चांदी वेगळी काढण्याची युक्ती शोधलेला हा गृहस्थ, आणि त्याचा फोटोही चांदीवरच! दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालायचा, मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचे. ते आरशातल्यासारखे उलटे, आणि एकुलते एक. म्हणून पॅरिसच्या लरबूरला ते आपल्या ग्रंथात घेताना धातूवर कोरून छापावे लागले. मूळ पत्रा न्यूकॅसल विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९७ मध्ये पुन्हा हाती लागला.

भिंग काही मिनिटे उघडे होते. तेवढ्यात नायगाऱ्याचे किती पाणी कोसळले असेल! चित्रात त्याचा नुसता धूर उरला आहे. पण डावीकडे उंच टोपी घातलेली एक काळी आकृती स्पष्ट दिसते. तो पॅटिन्सनच, असे मानतात. झाकण काढून सावकाश चालत जायलाही त्याला सवड होती म्हणा.

“सर, तो हलला असता तर?” एका मुलीने विचारले.

“तर दिसलाच नसता.”

घरी आल्यावर वडिलांचा फोटो उतरवून पुसला. “साहेब, हलू नका,” असे फोटोवाला ओरडल्याचे मला आठवते. मागे पाणी गर्जत होते, शेजारी आम्ही भावंडे दंगा करत होतो; वडिलांनी मान वळवली नाही. काचेखाली, उजव्या कोपऱ्यात एक पुसट पट्टा आहे. तो डाग असावा असे मी इतकी वर्षे समजत होतो.

“डाग कसला?” आई म्हणाली. “तो तू. पळत होतास.”